शब्दचर्चा : 'निर्जीव' आणि 'अजैविक'

प्रश्न : झाडं सजीव आणि ऊन, पाणी, माती निर्जीव, असं शाळेत शिकलो. वरच्या वर्गांत त्यांनाच 'अजैविक घटक' म्हणतात. दोन्हींचा अर्थ एकच का? आणि वाळलेलं पान कशात धरायचं?

प्रतिसाद : एकच नाही. 'निर्जीव' शोभतो वस्तूला : दगड, वाळू, काच. तापमान, खारेपणा, भरती-ओहोटी या वस्तू नव्हेत. ओहोटीला निर्जीव म्हटलं तर कानाला खटकतं, अजैविक घटक मात्र म्हणता येतं. वाळलेलं पान 'मृत'. त्यात जीव होता, दगडात तो कधीच नव्हता. पान कुजून त्यातले क्षार मातीत उतरले की ते क्षार अजैविक.

पण 'अजैविक' म्हणजे जिवंतपणाचा स्पर्श नसलेलं, असा अर्थ कुणी घेऊ नये. ओहोटीच्या वेळी कोकणातल्या एखाद्या खाडीवर तिवर, म्हणजे खाऱ्या चिखलात वाढणारं झाड, नीट पाहा. चिखलात हवा जवळजवळ नसते, म्हणून त्याची श्वसनमुळं पेन्सिलीसारखी सरळ वर आलेली दिसतात. शोषलेलं जादा मीठ पानांतल्या ग्रंथी बाहेर टाकतात. कोरड्या दिवशी पानावर त्याचे पांढरे कण हाताला लागतात. खडकावरही मीठ साचतं, पण खडक ते बाहेर टाकत नाही. सजीवाचं वेगळेपण मला इथे सगळ्यात स्पष्ट दिसतं.

आता मुळाशेजारचा चिखल बघा. बाकीचा काळा, कुजक्या वासाचा. मुळाला लागून मात्र तांबूस पट्टा असतो, कारण मुळांतून झिरपणाऱ्या ऑक्सिजनमुळे चिखलातलं लोह गंजतं. मुळांच्या गर्दीत पाणी मंदावतं, गाळ खाली बसतो, जमीन हळूहळू वर येते. मग भरतीचं पाणी तिथे पूर्वीइतका वेळ थांबत नाही. म्हणजे झाडाने चिखलाचा रंग, जमिनीची उंची आणि पाण्याचा मुक्काम, या तिन्ही अजैविक गोष्टी बदलल्या.

प्रश्न : आमच्या गावी अशा सगळ्याच झाडांना तिवरं म्हणतात. चालेल?

प्रतिसाद : बोलण्यात खुशाल. लिहिताना तिवर, चिप्पी, कांदळ वेगळी ठेवावीत. 2020 मध्ये महाराष्ट्राने राज्याचा कांदळवन वृक्ष म्हणून पांढऱ्या चिप्पीची निवड केली, तिवराची नव्हे. समूहाला खारफुटी किंवा कांदळवन म्हणावं.

प्रश्न : मग 'माती निर्जीव आहे' हे वाक्य?

प्रतिसाद : मला ते चुकीचंच वाटतं. मातीतले खनिज कण, पाणी, हवा अजैविक. गांडुळं, बुरशी, जिवाणू जैविक. कुजका पालापाचोळा मृत सेंद्रिय पदार्थ. मुलांना शिकवताना 'मातीतले खनिज कण निर्जीव' एवढंच सांगावं.