टॅटू / गोंदण: भरताना काय झालं, पुढे कसं दिसायला लागलं? (अनुभव लिहा)

ओसरी
परवा सकाळी सहाला लेकीची हाक, "आई, रंग गळतोय!" धावत गेले तर बाई पलंगावर बसून मनगट बघतायत आणि चादरीवर बारीक काळी सालपटं. पेन्सिलीला टोक काढल्यावर पडतात ना, तशी. पाच दिवसांपूर्वी तिने बकुळीची फुलं काढून घेतली होती (मला विचारून नव्हे, काढून आल्यावर दाखवून). एका सालपटावर तर अख्खी पाकळी. तिला वाटलं पैसे गेले. काढणाऱ्याला फोन केला तर तो म्हणे, निघू दे, फक्त तू काढू नकोस.

तिचा हात धरून बघत होते आणि आजी आठवली. शेवटचं वर्षभर मीच तिला आंघोळ घालायचे. हनुवटीवर तीन ठिपके आणि डाव्या हातावर तुळशीवृंदावन. ती सांगायची, काढलं तेव्हा वृंदावनाला पाच पायऱ्या होत्या, मोजून घ्याव्यात अशा. मी पाहिलं तेव्हापासून पायऱ्या कधी दिसल्याच नाहीत, एक हिरवा-निळा ठोकळा होता. साबण लावताना कातडी सरकेल तिकडे वृंदावन सरकायचं.

दोऱ्याने बांधलेल्या सुया, काजळी, कसल्याशा पाल्याचा रस, आणि दोघींनी हात दाबून धरलेला, एवढं ती रंगवून सांगायची. नंतर काळजी काय घेतलीस, असं विचारलं तर म्हणायची, "काळजी कसली बाई, दुसऱ्या दिवशी गोठ्यात शेण काढलं. हात टम्म सुजला तवा हळद लावली."

मी नऊ वर्षांची असताना गोंदणारीण आमच्याही दारात आली होती. मी कणगीमागे लपून बसले. आजी आठवडाभर धड बोलली नाही. "मेल्यावर सोबत काय नेशील? गोंदलेलं तेवढं येतं."

तर लिहा. नवा टॅटू, जुनं गोंदण, काहीही चालेल. लेक वाचणार आहे.

निम्मीशिम्मी
पहिली! लिहिण्यासारखं खूप आहे पण कुकर लावलाय. येते.

डोंगरवाट
माझी राजमुद्रा. २०१३, कॉलेज, मनगटाच्या वर. दोन रुपयांच्या नाण्याएवढी आणि त्यात अख्खा श्लोक पाहिजे हा हट्ट. काढणारा दादा म्हणाला, मोठी कर, दंडावर घे, नाहीतर नुसता अष्टकोन काढू, अक्षरं सोड. आम्ही कुठले ऐकतोय.

पहिली दोन वर्षं भिंग लावलं की वाचता यायचं. आता 'प्रतिपच्चंद्र'मधला 'च्चं' म्हणजे एक डाग आहे. 'द्र'च्या पोटातली जागा भरून गेली, मात्रा आणि अनुस्वार एकत्र नांदतायत. गेल्या दिवाळीत भाचीने विचारलं, "मामा, कासव का काढलंय?"

ज्यांना देवनागरी काढायचं असेल त्यांनी मोठं काढा. आपल्या अक्षराला वर-खाली केवढं सामान असतं.

वेलांटीवाली_बाई
कासव 😂😂
माझा अनुभव नाही, पण शिक्षिका असल्यामुळे मला लोकांचे दंड तपासायची खोड आहे. आमच्या कोपऱ्यावरच्या एका रिक्षावाल्याच्या हातावर 'आईचा आर्शिवाद' आहे. रोज बघते, रोज गप्प बसते. टॅटू उन्हाने पार फिकट झालाय, रफार मात्र ठणठणीत.

बारक्या७
बाई, टच-अप करताना रफार पुढे सरकवता येतो का?

सुईदोरा
@बारक्या७ सरकत नाही, झाकता येतो. वर पान काढायचं.

मी तीन वर्षं ठाण्यात टॅटूचं काम करतो, म्हणून थोडं लिहितो. ओसरीताई, तुमच्या मुलीचं सगळं बरोबर चाललंय. सुई साधारण दीड-दोन मिलिमीटर आत जाते, शाई खालच्या थरात बसते. जाता जाता थोडी वरच्या थरातही अडकते. तो थर गळतो तेव्हा रंगीत सालपटं दिसतात. पाकळी चादरीवर पडली तरी खाली पाकळी आहेच.

पहिले दोन-तीन दिवस पाझरतं, उशीवर छापा उमटतो. मग खाज आणि सालं, दोनेक आठवडे. त्यानंतर वर दुधाची साय धरल्यासारखं होतं, चकचकीत आणि फिकट. तेव्हा सगळ्यांचे फोन येतात, "भाऊ, रंग उडाला." उडालेला नसतो, वरची नवी कातडी अजून मुरलेली नसते. महिना-दोन महिने जाऊ द्या. टच-अप लागेल का ते तेव्हा ठरवायचं, दहाव्या दिवशी नव्हे.

सगळ्यात जास्त चूक होते ती मलमात. लोक श्रीखंडासारखं थापतात. खपली भिजून फुगते आणि कपड्याला चिकटून रंगासकट निघते. लावलंय की नाही अशी शंका यावी इतकंच लावायचं. आधी स्वतःचे हात धुवा, मग बिनवासाच्या साबणाने टॅटू, मग टिपून घ्या. रोजचा पंचा नको, स्वच्छ मऊ काहीतरी. खाज आली तर वरून थापटा. नख लावलंत की तिथे पांढरी फट राहिलीच समजा.

आंघोळीला बंदी नाही, डुंबायला आहे. विहीर, तलाव, समुद्र, तीन आठवडे काही नको.

समुद्रपक्षी
"डुंबायला बंदी." हे वाक्य मला ऐकवलं होतं. मी मान डोलावली होती. गोव्यात दुपारी पोटरीवर नांगर काढला आणि संध्याकाळी समुद्रात. नांगर आहे, पाण्यात नाही जाणार तर कुठे जाणार, असा विनोदही मीच केला होता.

तिसऱ्या दिवशी परतीच्या बसमध्ये पोटरी गरम. लाली रेषेबाहेर पसरत चालली, रात्री हुडहुडी भरली. डॉक्टरांनी पेनने लालीच्या कडेला रेघ मारली आणि म्हणाले, उद्या ह्याच्या बाहेर गेली तर लगेच ये. गेली नाही, पण आठवडाभर अँटिबायोटिक घ्यावी लागली. नांगराचा एक हात आता अर्धाच आहे. थोडी लाली आणि सूज पहिले दोन दिवस सगळ्यांनाच येते, पण ती वाढत गेली, पू दिसला, ताप आला तर मलम बदलत घरी बसू नका.

आबोली
माझ्या सासूबाईंनी नव्या टॅटूवर हळद आणि खोबरेल तेल चोपडलं. मी झोपले होते!! प्रेमानेच केलं, पण उठले तर मोरपीस पिवळं. आठ दिवस ऑफिसात पूर्ण बाह्या घालून गेले.

पाटाखालचं_पाणी
हळद जंतुनाशक असते. आपल्या पूर्वजांना कळत होतं.

आबोली
डब्यातली हळद काका. ज्या डब्यात फोडणीचा चमचा जातो ती.

पाटाखालचं_पाणी
मग डबा स्वच्छ ठेवावा.

आबोली
हो काका 🙏

निम्मीशिम्मी
कुकर झाला, पोरं जेवली, आले.
मी पथकात ताशा वाजवते. मिरवणुकीच्या आधी नऊ दिवस मला खांद्यावर जास्वंद काढायची बुद्धी झाली. ताशाचा पट्टा कुठून जातो? बरोब्बर तिथूनच. वर कुर्ता, आत घाम, पट्टा घासतोय, आणि चौकात कुणीतरी गुलालाची अख्खी ओंजळ मारली. घरी आल्यावर कुर्ता निघेना, चिकटला होता. ओढला असता तर संपलंच होतं. आईने कोमट पाणी सोडत सोडत अर्ध्या तासाने तो सोडवला आणि त्या अर्ध्या तासात मला जे काय बोलली ते इथे लिहिता येणार नाही.

मधल्या दोन पाकळ्या खपलीबरोबर गेल्या. तीन महिन्यांनी परत भरून घेतल्या. दुसऱ्यांदा दुखलं जास्त, कारण काय होणार ते माहीत होतं. आता नवीन पोरींना सांगते, काढायचा तर विसर्जनानंतर काढा, पितृपक्षात काढा, पण आधी नको.

बारक्या७
पितृपक्षात टॅटूवाल्यांनी सवलत ठेवायला हवी.

सुईदोरा
ठेवतो. कुणी येत नाही.

बंदोबस्त
भरतीला जाणाऱ्या पोरांच्या घरच्यांनी हे वाचावं. धाकट्या भावाने दंडावर, बाहेरच्या बाजूला, 'आई' कोरलं. हौस. नंतर सैन्यभरतीची तयारी सुरू केली तेव्हा कळलं की चालतो तो हाताच्या आतल्या बाजूला, कोपरापासून मनगटापर्यंत, आणि तळहाताच्या मागे. आदिवासी समाजाच्या पारंपरिक गोंदणाला सूट आहे, ह्याला ती कुठली लागू.

मग लेझर. डॉक्टर म्हणाले, काळा आहे म्हणून तुझं नशीब, पिवळा-हिरवा असता तर अजून अवघड. प्रत्येक वेळी रबर ताणून चटका मारावा तसं, वर फोड. दोन वेळांमध्ये दीड-दोन महिने थांबायचं, कारण फुटलेली शाई शरीर हळूहळू उचलून नेतं. चार वेळा झालं. 'आ' गेला, 'ई' अजून तिरप्या उजेडात दिसते. आईला वाईट वाटलं ते वेगळंच. आपलं नाव पुसायला पोरगा पैसे भरतोय म्हणून.

ओसरी
@बंदोबस्त अगं बाई. (दादा आहात की ताई, माफ करा.) आईचं वाचून गलबललं.

बंदोबस्त
दादा. आता ती स्वतःच विचारते, गेली का रे मी?

रक्तगट_ओ
टॅटूनंतर रक्तदानाला गेलो तर मला बारा महिने थांबायला सांगितलं. शिबिरात रांगेत तासभर उभं राहून मग कळलं. बिस्किट मात्र दिलं.

जुना_वाडा
तुम्ही लोक मलम, साबण बोलताय. आम्ही १९९१ मध्ये जत्रेत गोंदून घेतलं. एक मशीन, एक सुई, शाईची एकच वाटी, पुढे दहा जण, मागे दहा जण. सुई पुसायला फडकं होतं, तेही एकच. मित्रांनी पैज लावली म्हणून नावाचं आद्याक्षर. पुढे लग्नानंतर बायकोने (ती लॅबमध्ये आहे) हे ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी घेऊन गेली. हेपटायटिस बी, सी, एचआयव्ही, सगळं तपासलं. निगेटिव्ह. उपाशी राहायची गरज नव्हती, ती शिक्षा होती असं नंतर कळलं.

अक्षर आता फुगून दुप्पट जाड झालंय. 'प' होतं, ठिपका वाटतो.

पेशीपुराण
ते फुगण्याचं कारण गमतीदार आहे. शाई तिथे पडून राहते असं आपल्याला वाटतं. खरं तर कातडीतल्या भक्षक पेशी ती गिळून बसतात, पचत तर नाही आणि टाकवतही नाही. पेशी मेली की शाई बाहेर, की शेजारी नवी आलेली पेशी ती गिळते. २०१८ मध्ये फ्रान्समधल्या मार्सेयच्या संशोधकांनी हे उंदरांच्या शेपटीवर दाखवलं. त्यांनी त्या पेशी मारून टाकल्या तरी टॅटू जागच्या जागी. म्हणजे आजीच्या हातावरचं वृंदावन आयुष्यभर एका पेशीकडून दुसरीकडे जात होतं. असं हातोहात जाताना थोडं इकडेतिकडे सांडणारच. वर ऊन आणि सैल पडत जाणारी कातडी आहेच.

आणि काळी काजळी हिरवी-निळी दिसते कारण ती कातडीखालून दिसते. नसा निळ्या दिसतात, साधारण तसाच प्रकार.

डोंगरवाट
म्हणजे माझ्या कासवाला रोज कुणीतरी खातंय.

पेशीपुराण
खातंय आणि सांभाळतंय.

मेंदीचा_हात
थोडं विषयाला सोडून: "टॅटू नको, दुखतो, त्यापेक्षा काळी मेंदी" म्हणून भाचीच्या हातावर प्रदर्शनात विंचू काढून आणला. तासाभरात कुळकुळीत काळा, तेव्हाच शंका यायला हवी होती. दोन दिवसांनी विंचवाच्या आकाराचे फोड, नांगीसकट. त्यात केसांच्या डायमधलं पीपीडी नावाचं रसायन असतं म्हणे. डॉक्टर म्हणाले, आता ह्या मुलीने आयुष्यात केस रंगवताना जपायचं. अकरा वर्षांची आहे. खऱ्या मेंदीचा रंग तपकिरीच येतो आणि सावकाश येतो, एवढं लक्षात ठेवा.

वेलांटीवाली_बाई
नांगीसकट! बिचारी. आता बरी आहे का?

मेंदीचा_हात
बरी आहे. शाळेत भाव खाते, "मला विंचू चावला" म्हणून.

आबोली
@सुईदोरा मोरपीस तीन वर्षांत फिकट झालंय. स्कूटरवर हात उन्हातच असतो. काही करता येतं?

सुईदोरा
ताई, सनस्क्रीन, एसपीएफ ३० च्या वरचं, रोज, नाहीतर सनकोट. नवीन टॅटूवर लावायचं नाही, भरल्यावर लावायचं. हात कोरडे पडू देऊ नका, मॉइश्चरायझर लावलं तरी रंग उठून दिसतो. उडालेला रंग मात्र क्रीमने परत येत नाही, कुणी विकत असेल तर घेऊ नका.

ओसरी
लेकीने सगळं वाचलं. सालपटं थांबली, आता ती साय आलीय, पण आज घाबरली नाही.

नवीनच खूळ निघालंय. तिला आजीचं वृंदावन दुसऱ्या हातावर हवंय, पाच पायऱ्यांसकट. आजीचा एकच फोटो आहे आणि त्यात हात पदराखाली. पण मावशीच्या हातावर त्याच गोंदणारणीने त्याच दिवशी काढलेलं आहे. मावशी आज ८४ ची. शनिवारी जातोय.

सुईदोरा
ताई, फोटो काढताना कातडी दोन्ही बाजूंनी हलकी ओढून धरा, सैल हातावर आकृती वाकडी येते. खिडकीजवळ काढा, फ्लॅश नको. आणि पायऱ्या दिसत नसतील तर त्यांना बोट ठेवून दाखवायला सांगा, त्याचा व्हिडिओ घ्या.

निम्मीशिम्मी
मावशींचा फोटो इथे टाका!! (विचारून.)

ओसरी
विचारते. फोन केला होता आत्ताच. म्हणाली, "हात कुठं पळून चाललाय? आधी सांग, जेवायला किती जण?"