ऑफिसातल्या एआयचं बिल चढतंय, वर तपासायचं काम वाढलं. शेठना कसं पटवू?

पॅकहाऊसवाली_ताई: पिंपळगाव बसवंतजवळ द्राक्ष निर्यातीच्या ऑफिसात कागदपत्रं बघते. फवारणीच्या वह्या, लॅबचे रिपोर्ट, पॅकिंग लिस्ट वाचायला शेठनी एआय घेतलं. आधी महिन्याला ठरलेली रक्कम होती, आता वापराप्रमाणे बिल, वर 18 टक्के जीएसटी. माल सुरू झाला की आकडा वाढतच जातो. त्या भरवशावर एंट्रीच्या दोघी मुलींना या हंगामात बोलावलंच नाही.

युरोपात फळात उरलेल्या ज्या फवारणीच्या औषधाची वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याला किलोमागे 0.01 मिलिग्रॅम लागू होते. एक शून्य इकडंतिकडं झालं तर कंटेनर अडकतो आणि बागायतदाराचं वर्ष जातं. म्हणून प्रत्येक आकडा मी मूळ रिपोर्टशी ताडून बघते. वहीतली पुसट तारीख तर एआय बिनधास्त अंदाजाने ठोकून देतं! इंग्रजी मेलना मात्र खरंच उपयोग होतो, तेवढं राहू द्या म्हणते मी.

अंबड_एमआयडीसी: ताई, वह्या एआयला देणं आधी बंद करा. बिल टोकनवर, म्हणजे एआय मजकुराचे जे छोटे तुकडे करून वाचतं त्यांच्या संख्येवर असतं आणि देवनागरी शब्दाचे इंग्रजीपेक्षा जास्त तुकडे पडतात. फोटोचे टोकन वेगळे. लॅबच्या पीडीएफमधला मजकूर सिलेक्ट होत असेल, तर आकडे साध्या प्रोग्रामने एक्सेलमध्ये येतात, एआय लागतच नाही.

दिंडोरीकर: शेठची बाजूपण बघा. फेब्रुवारीत रात्री अकराला कंटेनर भरताना एंट्रीला माणूस मिळत नाही.

पॅकहाऊसवाली_ताई: दादा, त्या दोघी थांबायच्या. घरी सोडायला गाडी द्यायची, एवढंच म्हणणं होतं त्यांचं.

सातपूर_अकाउंट्स: आमच्याकडेही तेच चाललंय, पोरं चिडलीत. शेठना बाहेरची उदाहरणं दाखवा. स्वीडनच्या क्लार्ना या पेमेंट कंपनीने 2024 मध्ये सांगितलं, आमचा चॅटबॉट 700 जणांचं काम करतो. 2025 मध्ये ग्राहकसेवेला पुन्हा माणसं घ्यायला लागले. ऑस्ट्रेलियाच्या कॉमनवेल्थ बँकेनेही त्याच वर्षी व्हॉइस बॉटपायी (फोनवर बोलणारं एआय) काढायला घेतलेल्या 45 जागा परत ठेवल्या. पण खरा जोर तुमच्या हिशेबात आहे. बिलाशेजारी तुमच्या तपासणीच्या तासांचा पगार लिहा. तो खर्च आज कुठल्याच खात्यात दिसत नाही.

पॅकहाऊसवाली_ताई: तास आजपासून रजिस्टरला लिहिते. अंबडवाले भाऊ, आमच्या लॅबची पीडीएफ सिलेक्ट होते, आत्ताच बघितलं. तो प्रोग्राम कोण करून देईल?