अकरावी सायन्ससाठी मराठीतून समजावणारं साहित्य हवंय

मुलगी दहावीपर्यंत मराठी माध्यमात होती, आता राज्य मंडळाच्या अकरावी सायन्सला आहे, तिथे सगळं इंग्रजीत. गणित जमतंय, अडतंय फिजिक्समध्ये. संवेग म्हणजे काय ते पक्कं माहीत आहे, पण प्रश्नात 'मोमेंटम' आलं की थबकते. बालभारतीच्या साइटवरून पुस्तकांच्या मोफत पीडीएफ घेतल्या. परिभाषा कोशात (इंग्रजी संज्ञांना मराठी शब्द देणाऱ्या) शब्द सापडतो, पण धडा समजत नाही. यूट्यूबवर जे बघितलं ते हिंदीत आणि जेईईच्या वेगाने. तिला ती परीक्षा द्यायचीच नाही. घरात फोन एकच, त्यामुळे डाउनलोड होणारं हवं. क्लासची फी परवडणार नाही. मराठीत समजावून इंग्रजी संज्ञाही सोबत सांगणारं, मंडळाच्या धड्यांप्रमाणे चालणारं काही तुमच्या मुलांनी प्रत्यक्ष वापरलंय का?