प्रतीक्षा कक्षातील आरोग्यमाहितीचा स्क्रीन बोलका असावा की मुका?

प्रश्न : दाराजवळची_खुर्ची

माझ्या वडिलांचे वय ७८ आहे आणि गेली सहा वर्षे ते दोन्ही कानांना श्रवणयंत्रे लावतात. दर तीन महिन्यांनी तपासणीसाठी आम्ही ज्या दवाखान्यात जातो, तिथल्या प्रतीक्षा कक्षात अलीकडे भिंतीवर एक मोठा स्क्रीन बसवण्यात आला आहे. त्यावर मधुमेहाची पथ्ये, लसीकरण, हात धुण्याची पद्धत, पाठीचे व्यायाम अशा चित्रफिती आवाजासह चालू असतात आणि वीसेक मिनिटांनी तेच चक्र पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. माहिती उपयोगाची आहे, त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. तक्रार आहे ती आवाजाची.

मागच्या खेपेला वडील चाळीस मिनिटे डॉक्टरांच्या दारावरची नजर न हलवता बसून होते, कारण मदतनीस बाई दार किंचित उघडून नाव पुकारतात आणि ते आपल्याला ऐकू येणार नाही, याची त्यांना धास्ती होती. मी पाणी आणायला गेलो तेवढ्यात त्यांचे नाव दोनदा पुकारले गेले आणि त्यांच्यानंतरच्या रुग्णाला आत घेतले गेले. मी परतलो तेव्हा त्यांनी विचारले, "माझं नाव होऊन गेलं का रे?" थोड्या वेळाने त्यांनी दोन्ही यंत्रे काढून डबीत घातली आणि डबी खिशात टाकली. त्यानंतर डॉक्टरांशी झालेले अर्धेअधिक बोलणे मलाच त्यांच्या कानाशी मोठ्याने पुन्हा सांगावे लागले.

दोष यंत्रांचा आहे की खोलीचा? अशा ठिकाणी आवाजाची काही मर्यादा ठरलेली असते का? आणि दवाखान्याकडे नेमकी कोणती मागणी केली तर ती रास्त ठरेल?

प्रतिसाद : श्रवणमित्र

मी श्रवणतज्ज्ञ म्हणून काम करतो आणि ही तक्रार माझ्याकडे येणाऱ्या ज्येष्ठांकडून सतत ऐकतो. आपल्या वडिलांची यंत्रे बहुधा ठीक आहेत. समोरासमोरचे बोलणे शांत खोलीत एक मीटरवर साधारण ६० डेसिबल भरते. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो, म्हणजे चार मीटरवरच्या माणसापर्यंत तोच आवाज ४८ डेसिबलच्या आसपास पोहोचतो. आता स्क्रीनचा आवाज त्याच खुर्चीपाशी ५५ डेसिबल असेल, तर पुकारलेले नाव त्याच्याखाली दबून जाणारच. तरुण, निरोगी कानाला गोंगाटाइतक्याच पातळीचे बोलणेही बऱ्यापैकी उलगडते. श्रवणदोष असलेल्या माणसाला मात्र बोलणे गोंगाटाच्या बरेच वर असावे लागते. वर्गखोल्यांसाठी तर शिक्षकाचा आवाज १५ डेसिबलने वर असावा अशी शिफारस केली जाते.

यात आणखी एक गोष्ट आहे, जी सहसा लक्षात येत नाही. आजच्या बहुतेक यंत्रांतील दिशादर्शक मायक्रोफोन समोरून येणारा आवाज हवा आणि मागून येणारा नको, असे धरून चालतात. खुर्च्या स्क्रीनकडे तोंड करून मांडल्या की यंत्र इमानाने चित्रफीत मोठी करते आणि बाजूच्या दारातून येणारी हाक दाबते. शिवाय स्क्रीनवरचा आवाज म्हणजे बोलणे असते. पंख्याची एकसुरी घरघर मेंदू लवकर बाजूला सारतो, पण शब्द कानावर पडले की त्यांचा अर्थ लावण्याचा प्रयत्न आपोआप सुरू होतो. घटकाभरात माणूस थकतो तो यामुळे. त्यांनी यंत्रे काढून ठेवली हा हेकटपणा समजू नका, तो थकवाच होता.

मर्यादेविषयी सांगायचे तर जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये रुग्णालयाच्या वॉर्डसाठी सरासरी ३० डेसिबलची शिफारस आहे. माणसांनी भरलेल्या प्रतीक्षा कक्षाला ती जशीच्या तशी लावता येणार नाही, पण गप्पांच्या वर आणखी एक बोलणारे यंत्र कशाला, हा प्रश्न त्या आधारावर नक्की विचारता येतो. हा मूठभरांचा प्रश्नही नव्हे : याच संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार जगात सुमारे दीड अब्ज लोकांना कमी-अधिक श्रवणदोष आहे आणि त्यांपैकी ४३ कोटींना उपचारांची किंवा साधनांची गरज आहे. दवाखान्याच्या खुर्च्यांवर तर त्यांचे प्रमाण बाहेरच्यापेक्षा जास्तच असणार.

पुढच्या वेळी त्यांना स्क्रीनकडे पाठ आणि दाराकडे तोंड येईल असे, दाराच्या शक्य तितके जवळ बसवून पाहा.

प्रतिसाद : नोंदणीखिडकी

मी अकरा वर्षे एका रुग्णालयाच्या नोंदणी खिडकीवर काम करते, म्हणून दुसरी बाजू मांडते. आमच्याकडे स्क्रीनचा आवाज मुद्दाम चालू ठेवला जात असे. खिडकीपाशी रुग्ण नाव, वय, तक्रार सांगतो आणि पहिल्या रांगेत बसलेल्यांना ते स्पष्ट ऐकू जाते. मागे काही आवाज असला तर ते झाकले जाईल, असा त्यामागचा विचार होता आणि तो मलाही पटला होता.

प्रत्यक्षात उलटेच घडत होते. एकदा एक ताई तक्रार सांगायला हळूच पुढे झुकल्या. मला ऐकू आले नाही, म्हणून मी पुन्हा विचारले, त्यांनी पुन्हा सांगितले, आणि तिसऱ्यांदा त्यांनी आवाज चढवला त्याच क्षणी चित्रफीत संपली. सगळ्या कक्षाने ते वाक्य ऐकले. त्यांचा उतरलेला चेहरा मला आजही आठवतो. भोवतालचा गोंगाट वाढला की माणूस नकळत आवाज चढवतो, हे फ्रेंच डॉक्टर एत्येन लोम्बार यांनी १९११ मध्येच दाखवून दिले होते आणि त्यांच्याच नावाने तो परिणाम ओळखला जातो. म्हणजे झाकण म्हणून ठेवलेला आवाजच माणसांना ओरडायला लावत होता.

पुढे स्क्रीन नादुरुस्त होऊन चार दिवस बंद राहिला, तेव्हा खिडकीवरचे बोलणे आपोआप खालच्या पट्टीत आले. त्यानंतर आम्ही खुर्च्यांची पहिली रांग मागे सरकवली, खिडकीपासून काही अंतरावर थांबण्याची रेघ आखली आणि ज्यांना तक्रार बोलून दाखवायची नाही, त्यांच्यासाठी कागदाच्या चिठ्ठ्या ठेवल्या. गोपनीयता त्याने राखली गेली, दूरचित्रवाणीने कधीच राखली नव्हती.

कर्मचाऱ्यांचाही विचार व्हावा. वीस मिनिटांचे चक्र आठ तासांत चोवीस वेळा कानावर पडते. आणि रक्तदाब मोजण्यापूर्वी रुग्णाने पाच मिनिटे न बोलता शांत बसावे असे आम्ही सांगतो, ते बसणे नेमके त्याच स्क्रीनखाली होते.

प्रतिसाद : पांढरी_काठी

वरचे सगळे पटते, तरीही एक विनंती करतो : आवाज बंद करा अशी सरसकट मागणी करू नका. मला दिसत नाही. एका ठिकाणी तक्रारी आल्यावर सगळेच मुके करण्यात आले आणि नंबर फक्त स्क्रीनवर झळकू लागला. मी दीड तास बसून राहिलो. शेजारच्या गृहस्थांनी विचारले, तेव्हा कळले की माझा नंबर कधीच होऊन गेला होता.

म्हणून दोन आवाज वेगळे करावेत. चित्रफिती मूक आणि ठळक उपशीर्षकांसह चालाव्यात. बोलावणे मात्र दिसावे आणि ऐकूही यावे : आधी एक छोटी घंटा, मग नंबर सावकाश दोनदा. नावाऐवजी नंबर घेतला तर नावही चारचौघांत जाहीर होत नाही. ज्यांना चित्रफितीचा आवाज हवा आहे, त्यांनी कोड स्कॅन करून ती स्वतःच्या फोनवर इअरफोन लावून ऐकावी. माझ्यासारख्याला त्याचाच उपयोग होईल. संकेतस्थळांच्या सुगम्यतेसाठी असलेल्या डब्ल्यूसीएजी या मार्गदर्शक तत्त्वांत, तीन सेकंदांहून अधिक काळ आपोआप वाजणारा आवाज थांबवण्याची किंवा कमी करण्याची सोय वापरणाऱ्याच्या हाती असावी, असा निकष आहे. भिंतीवरच्या स्क्रीनचे बटण बसलेल्या माणसाच्या हाती नसते, त्यामुळे ती जबाबदारी दवाखान्यावर येते.

प्रश्नकर्ता : दाराजवळची_खुर्ची

सर्वांचे मनापासून आभार. आपल्या प्रतिसादांच्या आधारे एक पानाचे पत्र लिहून डॉक्टरांना भेटलो आणि त्यांनी ते शांतपणे वाचले. चित्रफितींचा आवाज बंद झाला आहे. दोन फितींना उपशीर्षके नव्हती, त्या तूर्त काढल्या आहेत. नंबर दाखवणारी आणि पुकारणारी पाटी मागवली आहे, ती येईपर्यंत मदतनीस बाई दारातून हाक न मारता वडिलांच्या समोर येऊन सांगतात. त्यांना पाठ-तोंडाची युक्तीही लागू पडली. एक अडचण अजून आहे : कक्ष रिकामा असला तरी बोलणे घुमते. खाली फरशी, वर सिमेंटचे छत आणि एक बाजू पूर्ण काचेची आहे.

प्रतिसाद : श्रवणमित्र

एकदा टाळी वाजवून पाहा. तिच्या मागे शेपटी ऐकू आली, तर आवाज कठीण पृष्ठभागांवरून परतून परतून येतो आहे आणि शब्दांचे कंगोरे त्यातच पुसले जात आहेत. खोली जितकी मोठी तितके घुमणे लांबते आणि आवाज शोषणारा पृष्ठभाग जितका अधिक तितके ते आखडते, हे गणित अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सॅबिन यांनी सव्वाशे वर्षांपूर्वी मांडले. छत मोकळेच असते, म्हणून सुरुवात तिथून करावी. ध्वनिशोषक पट्ट्या घेताना त्या पुसून निर्जंतुक करता येतील अशाच घ्यायला सांगा. काचेला पातळ पडदा लावून फारसा फरक पडणार नाही, जाड आणि चुण्यांचा लागेल, आणि दवाखान्यात तो वरचेवर धुतला जाणार आहे का, हे आधी विचारून घ्या.