आबाळ, हेळसांड की दुर्लक्ष? (टोपणनावांनी झालेली चर्चा)

नोंदवही : सोलापुरातल्या एका गृहभेटीच्या नोंदीत 'आईकडून मुलाची हेळसांड' असं लिहिलंय. आई घरी विड्या वळते, बाप यंत्रमागावर. शब्द बरोबर आहे का? 'आबाळ' हवा होता का?

पूर्वभागकर : ताई, क्रियापद लावून बघा. आबाळ 'होते', 'आईने आबाळ केली' असं क्वचितच कुणी म्हणतं. दुर्लक्षाला 'कडे' लागतं, म्हणजे नजर फिरवणारा कुणीतरी आलाच. हेळसांड होतेही आणि करतातही, पण त्यातला 'हेळ' अवहेलनेतला. डंख आहे त्यात. हजार विड्या पुऱ्या करायला मांडीवर सूप घेऊन बसलेल्या बाईला हा शब्द चिकटवू नये. औषध-लसीत टाळाटाळ असेल तर 'हयगय'. आणि 'उपेक्षा' खात्यापित्या घरातही सापडते: डबा भरलेला, कपडे इस्त्रीचे, पण पोराशी धड बोलायला कुणी नाही. नोंदीत हा प्रकार सहसा सुटतो.

कलमकर : कायदाही हाच भेद करतो. बाल न्याय अधिनियम, 2015, कलम 75 : 'जाणूनबुजून' दुर्लक्ष केलं तर 3 वर्षांपर्यंत कैद, 1 लाख रुपये दंड किंवा दोन्ही. परिस्थितीच हाताबाहेरची होती म्हणून जन्मदात्यांनी मूल सोडलं असेल, तर ते जाणूनबुजून नव्हतं असंच गृहीत धरतात. तुमचा एक शब्द हेतू ठरवून बसतो.

नोंदवही : मग 'परवड'?

पूर्वभागकर : तो मथळ्यांसाठी राहू द्या.

दंडपट्टी : मुळात नोंदीत असा शब्दच नको, दिसलं ते लिहा. कुपोषण बघायला दंडाचा घेर पट्टीने मोजा : डाव्या हातावर, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये, हात सैल सोडून. पट्टी आवळली की आकडा कमी येतो आणि धडधाकट मूल पट्टीच्या पिवळ्या (मध्यम कुपोषणाच्या) भागात जातं. 6 ते 59 महिन्यांच्या मुलांत 11.5 सेंमीखाली लाल, म्हणजे तीव्र कुपोषण. तिथे आधी उपचार, ठपका नंतर. जुलाब किंवा क्षयानेही दंड वाळतो. ऊसतोडीला गेलेल्या घरातल्या पोराची शाळा बुडाली तर 'शिक्षणाकडे दुर्लक्ष' न लिहिता किती दिवस गैरहजर ते लिहा. मूल धोक्यात दिसलं तर शब्द शोधत बसू नका, 1098 ही मुलांसाठीची मदतवाहिनी लावा.

नोंदवही : बदललं. 'वय 26 महिने. डावा दंड 11.8 सेंमी. गोवर-रुबेलाचा दुसरा डोस बाकी. दुपारी सांभाळायला 8 वर्षांची बहीण. ती शाळेत गेलेली नाही.'

दंडपट्टी : आता बहिणीचीही वेगळी नोंद करा.