प्रतिसाद: स्कार्लातीच्या के. १४१ सोनाटात डावा हात ऐका

अठराव्या शतकातला संगीतकार डोमेनिको स्कार्लाती, त्याच्या सोनाटा (कीबोर्ड वाद्यासाठीच्या छोट्या रचना) म्हणजे नुसता बोटांचा व्यायाम, असं मत इथे कुणीतरी मांडलंय; ते मला अजिबात पटलं नाही. डी मायनर या स्वरसप्तकातली के. १४१ (‘के.’ म्हणजे त्याच्या रचनांच्या यादीतला क्रमांक) पुन्हा ऐका. उजव्या हातात एकच स्वर बोटं बदलत सहा-सहा वेळा वाजतो, हे खरं. पण कान द्यायचा तो डाव्या हाताकडे. तिथल्या कॉर्ड्समध्ये, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गुच्छांत, शेजारचे परके स्वर मुद्दाम घुसवलेत, त्यामुळे गिटारच्या सगळ्या तारा एका झटक्यात छेडल्यासारखा खरखरीत नाद उठतो. जन्माने नेपल्सचा हा माणूस १७२९ पासून स्पेनमध्ये राहिला, ते इथे स्पष्ट ऐकू येतं! पियानोवरही ती छानच वाटते, पण हार्पसिकॉर्ड या जुन्या कीबोर्ड वाद्यामध्ये तार खरोखर छेडली जाते, म्हणून तिथे जास्त धारदार लागते.