पशुवैद्यकांकडे शंका कशा मांडाव्यात?

मांजरपालक:
आमच्या 14 वर्षांच्या मांजरीचे पाणी पिणे वाढले होते आणि वजन उतरत चालले होते, म्हणून रक्त आणि लघवी तपासून घेतली. डॉक्टरांनी मूत्रपिंडाचा जुनाट आजार, दुसरा टप्पा, असे निदान केले, वेगळा आहार आणि रोजची गोळी सुचवली आणि काही आठवड्यांनी पुन्हा तपासणीला बोलावले. दवाखान्यात सारे समजल्यासारखे वाटले, परंतु घरी आल्यावर कुटुंबीयांना सांगताना लक्षात आले की ‘दुसरा टप्पा’ म्हणजे नेमके काय, हेच मला सांगता येत नाही. त्यातच ती नव्या आहाराला तोंड लावत नाही आणि गोळी थुंकून टाकते. डॉक्टर अनुभवी आणि प्रेमळ आहेत. त्यांच्यावर अविश्वास आहे असे त्यांना न वाटू देता हे सारे कसे विचारावे आणि कसे सांगावे?

पशुवैद्यक:
या आजाराचे चार टप्पे मानतात. ते मुख्यतः रक्तातील क्रिएटिनिन आणि एसडीएमए (मूत्रपिंडे गाळून बाहेर टाकतात असे दोन पदार्थ; मूत्रपिंडांचे काम मंदावले की ते रक्तात साचतात) यांच्या पातळीवरून ठरतात, आणि त्यांना लघवीतील प्रथिने व रक्तदाब यांची जोड दिली जाते. दुसरा टप्पा तुलनेने सौम्य असतो आणि योग्य आहार व देखरेख यांच्या आधारे अनेक मांजरी त्यात दीर्घकाळ बऱ्या राहतात. मात्र क्रिएटिनिन उशिरा वाढते; मूत्रपिंडांची बरीचशी कार्यक्षमता गेल्यावरच ते ठळकपणे वर जाते, त्यामुळे ‘सौम्य’ या शब्दाने निर्धास्त होऊ नये.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. गोळी पोटात जात नाही, हे डॉक्टरांना पुढील तपासणीची वाट न पाहता लगेच कळवा. गोळी नियमित दिली जात आहे असे समजून आम्ही पुढचा अहवाल वाचतो. आकडे सुधारले नाहीत तर औषध कमी पडते आहे असा निष्कर्ष निघतो आणि मात्रा वाढते किंवा आणखी एक औषध जोडले जाते. खरे कारण ठाऊक असेल तर द्रवरूप औषध, वेगळी वेळ, गोळी लपवण्यासाठी चालणारा खाऊ असे पर्याय सुचवता येतात. आहाराचेही तसेच आहे: नवे अन्न जुन्यात थोडे थोडे मिसळत काही आठवड्यांत बदल करावा, आणि ती काहीच खात नसेल तर जुने अन्न पुन्हा द्यावे, कारण मांजर काही दिवस उपाशी राहिली तर यकृतात चरबी साठण्याचा धोका असतो. यांपैकी कोणतीही गोष्ट सांगितल्याने पालक हलगर्जी ठरत नाही. किंबहुना जी अडचण आम्हांला कळतच नाही, तिच्यावर उपाय सुचवणे आम्हांला शक्य नसते.

भेटीच्या शेवटी ‘मला जे समजले ते एकदा माझ्या शब्दांत सांगतो, चुकले तर दुरुस्त करा’ असे म्हणा. यात अविश्वास कुठेच नाही आणि गैरसमज तिथल्या तिथे दूर होतो.

श्वानपालक:
वरील उत्तराशी मी सहमत आहे, फक्त एक भर घालतो. माझ्या कुत्र्याला हृदयविकार आहे. दवाखान्यात तो इतका सावध होतो की घरी येणारा खोकला तिथे ऐकूच येत नाही. म्हणून डॉक्टरांनी मला त्याच्या खोकल्याचे चित्रीकरण करायला आणि तो गाढ झोपलेला असताना मिनिटाला किती श्वास घेतो हे मोजून लिहून ठेवायला सांगितले. हा आकडा सातत्याने 30 च्या वर जाऊ लागला तर फोन करायचा, असे ठरले आहे. ‘जरा थकल्यासारखा वाटतो’ या वाक्यापेक्षा अशा नोंदींचा उपयोग कितीतरी अधिक होतो. तुम्हीही वजन, पाणी आणि खाणे यांची नोंद ठेवा.

खर्चाविषयीही सुरुवातीलाच मोकळेपणाने बोलावे, असे माझे ठाम मत आहे. परवडेल तेवढ्यात आधी कोणती तपासणी सर्वांत महत्त्वाची, हे विचारण्यात संकोच कशाला? उपचार मध्येच गुपचूप थांबवण्यापेक्षा ते केव्हाही चांगले.

आणखी एक सदस्य:
घरी दिलेले प्रत्येक औषध सांगावे, ओशाळे वाटले तरीही. माणसांसाठीची पॅरासिटामॉल मांजरीला देणे जीवघेणे ठरू शकते, कारण तिच्या यकृताला ते माणसाप्रमाणे निष्प्रभ करता येत नाही. अशा वेळी काय आणि किती वाजता दिले, हे डॉक्टरांना तत्काळ कळणे फार मोलाचे असते.

मांजरपालक:
सर्वांचे मनापासून आभार. गोळीविषयी आजच कळवतो. एक शंका उरली आहे: दवाखान्यात मी जातो, पण तिला खाऊपिऊ घालते माझी आई. पुढच्या भेटीला दोघांनी जावे का?

पशुवैद्यक:
शक्य असल्यास अवश्य जावे, कारण तिच्या खाण्यापिण्यातला बदल सर्वांत आधी तुमच्या आईच्याच लक्षात येणार. त्यांना येणे जमत नसेल, तर तपासणीच्या वेळी डॉक्टरांच्या परवानगीने त्यांना फोनवर घ्या आणि आहाराच्या सूचना थेट त्यांनाच ऐकू द्या.